उजवीकडची सीट

विमानात उजव्या सीटवर बसणारा माणूस मुख्य नसतो, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा अख्ख्या स्टँडला मी उलटं सांगून बसलो होतो.

माझा जन्म जीप चालवण्यात गेला. काळीपिवळी. साखरखेर्डा ते देऊळगाव राजा सवाऱ्या न्यायच्या, तिकडून भरून आणायच्या. जीपमधे उजवीकडं बसतो तो डायवर. डावीकडं बसते ती सवारी, नाहीतर दाराला लटकून हाका मारणारा किन्नर, म्हणजे क्लीनर. त्यामुळं पोरगी विमान कंपनीत लागली आणि फोनवर म्हणाली, "बाबा, मी उजव्या सीटवर बसते," तेव्हा मी पुढं काही विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात? स्टँडवर गेलो, सगळ्यांना चहा पाजला. म्हटलं, पोरगी विमान हाकते, उजवीकडं बसते.

मग पोरगी सुट्टीवर घरी आली. तिच्या मायला एक खोड होती. मी जिथं थांबायचो तिथून ती विचारायला लागायची.

"उजवीकडं तू बसते," ती म्हणाली, "मंग डावीकडं कोन बसते?"

"कॅप्टन."

"मंग तू कोन?"

"मी फर्स्ट ऑफिसर. त्याच्या हाताखालची."

बायकोनं पदर तोंडाला लावला. "म्हंजे तू किन्नर झाली वं माय!"

दोघी हसत सुटल्या. मी मात्र तणतणलो. पोरीनं समजावलं, की तसं नाही, विमान मीही उडवते, एक फेरी त्याची, एक माझी. पण शेवटचा शब्द डावीकडच्याचा. मी म्हटलं, हे कोण्या येड्यानं ठरवलं? तिलाही माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की पुरेसे तास भरले, परीक्षा झाली, कंपनीत जागा निघाली, की उजवीकडून डावीकडं जाता येतं.

त्याच दिवशी बायको तिला म्हणाली, "तू डावीकडं बसली ना, की मी बसीन तुह्या इमानात. तोवर मले आग्रह करू नको."

पोरीनं ते मनात घेतलं. फार खोल घेतलं. मला तेव्हा ते कळलं नाही.

बायको यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी गेली. तापाचं निमित्त झालं. त्यावर जास्त लिहीत नाही, लिहून काय होते? जेवायला बसायचे दोन पाट होते घरात, त्यातला एक भिंतीला टेकवून ठेवला आहे. तो तिथून हलवायचं धाडस मला अजून झालं नाही, आणि कोणी हलवला तर मी त्याच्या अंगावर जातो. एवढंच.

लोक भेटायला यायचे. पहिली दहा मिनिटं गेलेल्या बाईबद्दल बोलायचे, मग पोरीवर यायचे. पोरगी कुठं असते? कंपनी मोठी का लहान? लहान? असं काऊन? विमान जेटचं का पंख्याचं? पंख्याचं म्हटलं की तोंडं वाकडी. जसं काही हे लोक रोज जेटनं बाजारात जातात. एकानं तर विचारलं, की पंखा बंद पडला तर पोरगी काय करते. मी म्हटलं, खाली उतरून धक्का मारते. माझ्या दारात सतरंजीवर बसून, माझा चहा पिऊन, माझ्या पोरीच्या भवितव्याची चिंता करणारे लोक मी त्या दिवसांत इतके पाहिले, की शेवटी मी सतरंजी टाकणंच बंद केलं.

आता खरी गोष्ट सांगतो. पोरीची कंपनी लहानच आहे. लहान गावाच्या धावपट्टीवर उतरणारी पंख्याची विमानं. त्यातलं एक जळगावला येतं. तिची ड्युटी तिकडं लागली, की पुढच्या सुट्टीला ती गाडी धरून घरी यायची. मायच्या आजारपणात ती तशीच आली होती. भाद्रपदात एका मोठ्या कंपनीनं तिला बोलावलं. जेटचं विमान, मोठं शहर, पण तिथं सगळ्यात खालून सुरुवात. पुन्हा उजवी सीट, आणि डावीकडं कधी जाणार ते देवाला माहीत, कारण तिच्यापुढं ढीगभर माणसं रांगेत. इकडं लहान कंपनीत मात्र पुढच्या वर्षी तिचा कॅप्टनचा नंबर लागत होता.

हो का नाही ते तिनं नवमीच्या दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं.

नवमी म्हणजे पित्रांतली अविधवा नवमी. नवरा मागं ठेवून जी बाई जाते तिचं त्या दिवशी करतात. एका सवाष्णीला बोलवायचं, ती गेलेली बाईच आहे असं समजून तिला जेवू घालायचं, लुगडं द्यायचं, पाया पडायचं. आमच्याकडं सवाष्ण म्हणून बसायला पोरीची मामी आली. माझा साळा आणि ती मलकापूरहून आदल्या दिवशीच आले. पोरगीही आली.

आता सैपाकाचं सांगतो. मला भाकरीपलीकडं काही येत नाही. पोरीला विमान येतं, पुरण येत नाही. तिनं डाळ शिजायला घातली ती करपली. मामीनं पाहिलं, पदर खोचला, आणि म्हणाली, "सरका दोघंही." मग उडदाचे वडे, कढी, खीर, पोळ्या, सगळं तिनंच केलं. जिला जेवू घालायचं तिनंच स्वतःचा सैपाक केला. माझी बायको असती तर तिनं याच्यावर वर्षभर मला ऐकवलं असतं.

साळा तेवढा वेळ ओसरीवर माझं डोकं खात होता. मलकापूरला तो कापसाच्या व्यापाऱ्याकडं मुनीम आहे. स्टेशन गावात असल्यामुळं दुनिया आपल्या दारावरून जाते असं त्याला वाटतं.

"दाजी, लाँग टर्म पाहा, लाँग टर्म," तो म्हणाला. "मोठ्या कंपनीत गेली की पोरीच्या जन्माचं भलं झालं. लहान कंपनी आज हाय, उद्या नाई. आमच्याकडं किती जिनिंग बंद पडल्या पाहा."

"मंग जाऊ दे म्हन न तिले."

"जाऊच दे म्हनतो. पन आता हो म्हनू नये. पित्रं चालू हायेत. घट बसल्यावर हो म्हनावं."

"कंपनीले घट कधी बसतात ते ठाऊक हाय का बे? उद्याच सांगा लागते."

"मंग दोन दिवस मागून घ्यावे. म्हनावं घरी कार्य हाय."

"आनि नाई म्हन्लं त्यायनं?"

"मंग इथंच बरी," साळा म्हणाला आणि मिशीवरून हात फिरवला, जसं काही हिशेब जुळला.

मला चीड आली. अशी चीड आली, की मी माझं म्हणणं जोरात मांडायला लागलो. माझं म्हणणं साधं होतं, नंबर सोडू नये. आमच्या स्टँडवर जीपचा नंबर असतो. पहिल्या नंबरची जीप आधी भरते, मग दुसऱ्याची. तुम्ही एक स्टँड सोडून दुसऱ्या स्टँडवर गेलात, की तुमची गाडी कितीही नवी असो, तुम्ही रांगेच्या शेवटी. मी साखरखेर्ड्याचा स्टँड कधी सोडला नाही. जालना रोडवर धंदा चांगला होता तेव्हाही सोडला नाही. माझ्यापुढचे एकेक जण म्हातारे झाले, मेले, आणि माझा नंबर पहिला आला.

"ऐकलं का वं?" मी पोरीला हाक मारली. ती करपलेलं पातेलं राखेनं घासत बसली होती. "पुढच्या वर्षी तुहा नंबर लागते. अशा वक्ताले रांग सोडून जाते का कोनी?"

तिनं मान वर केली नाही. "बाबा," ती म्हणाली, "तुमचा नंबर पहिला लागला, तव्हा सवारी होती का?"

सवारी नव्हती. ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत आहे, पण माझ्या तोंडावर कोणी बोलत नाही. घरोघरी मोटरसायकली आल्या. मोठा रस्ता झाला. मी पहिल्या नंबरवर उभा राहायचो आणि दुपारपर्यंत तसाच उभा असायचो. त्या रस्त्यात माझं रानही गेलं, त्याचे जे आले ते पोरीच्या शिक्षणात गेले. म्हणजे ज्या रस्त्यानं माझ्या सवाऱ्या नेल्या, त्याच रस्त्यानं पोरीला वर चढवलं. हे तिला माहीत होतं. म्हणून तर तिनं तो सवाल असा नेमका मारला.

"आमच्या कंपनीचंही तसंच हाय," पातेलं घासता घासता ती सांगत होती. "दोन विमानं सुट्या पार्टांवाचून उभी हायेत. मी डावीकडं बसीन, पन त्याच पंख्याच्या विमानावर. कॅप्टन घेताना मोठी कंपनी जेटचे तास पाहते. इथं जितकी थांबीन तितकं वय होईन, मंग तिकडं कोनी घेनार नाई. आनि हे बंद पडलं त मी कुठंचीच नाई."

"म्हंजे तुले समदं समजते," मी म्हटलं.

"समजते."

"मंग आजवर हो काऊन नाई म्हन्लं? का माह्यासाठी थांबून राह्यली? मी लंगडा हाय का? भाकरी करता येते मले."

"तुमच्यासाठी नाई."

हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. कारण, बोलून टाकतो, नंबराचं मी जे सांगत होतो ते अर्धंच खरं होतं. बाकीचं अर्धं हे होतं, की मोठी कंपनी म्हणजे जळगाव नाही. जळगाव नाही म्हणजे अधूनमधून दारात वाजणारी ती चाकांची बॅग नाही. पण हे साळ्यासमोर कोण सांगेल?

"मंग कोनासाठी?" मी ओरडलो.

"आईले शब्द देला होता," ती म्हणाली आणि पातेलं घेऊन मागच्या दारी गेली.

ताट वाढायची वेळ झाली. मामीनं हातपाय धुतले, आम्ही आणलेलं हिरवं लुगडं नेसली आणि पाटावर बसली. पाट मीच आणून मांडला होता, भिंतीचा नाही, दुसरा. पोरीनं हळद-कुंकू लावलं. मी हात जोडून बाजूला उभा राहिलो. मामी अवघडून बसली होती. आपण आता नणंद आहोत, की आपणच आहोत, हे तिलाही समजत नव्हतं. खिरीत मीठ पडलंय का असं तिनं हळूच साळ्याला विचारलं. साळ्यानं डोळे वटारले.

पोरगी पाया पडली आणि उठेचना. तिथंच बसून म्हणाली, "आई, मी काय करू?"

मामीच्या हातातला घास हातातच राहिला. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"तिले काय इचारते?" माझा पारा चढला. "तिले इमान समजते का? तिले कढी वाढ."

"तुमी थांबा," पोरगी मला म्हणाली. मग पाटाकडं वळून, "आई, तू म्हन्ली होती मी डावीकडं बसली की तू बसशीन. पुढच्या वर्षी बसते मी. तिकडं गेली त किती वर्षं लागतीन कोनाले ठाऊक. तुह्या शब्दासाठी थांबू का जाऊ?"

साळा पुटपुटला, "पित्रांत असं इचारू नये."

मामीनं घास ताटात ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि कसं सांगावं हे कळत नव्हतं.

"माय," ती म्हणाली, "मी काई तुही आई होऊन बोलत नाई. मले जे ठाऊक हाय ते सांगते. तुह्या मायले इमानाचं भेव वाटे."

"काय?" मी म्हटलं.

"लय भेव. तिनं मले सांगतलं होतं. म्हने, पोरगी नेते नेते म्हन्ते, माह्या पोटात गोळा येते. नाई म्हन्लं त तिले वाईट वाटीन. म्हनून म्या म्हन्लं तू डावीकडं बस, मंग मी बसते. तवर होतीन चार-पाच वर्षं, मंग पुढचं पुढं पाहू. असं म्हने आनि हसे."

बाहेर पत्र्यावर ठेवलेल्या पानावर कावळ्यांची भांडणं चालली होती.

मला एकेक आठवायला लागलं. पोरीनं एकदा आम्हा दोघांची तिकिटं काढते म्हटलं, तर हिला लोकांच्या वावरातली सोयाबीनची सोंगणी आठवली. दुसऱ्यांदा शेळी व्यायला आली होती. तिसऱ्यांदा गुडघा. मी म्हणायचो, काय बाई आहे, विमान दारात येतंय आणि हिला शेळीचं पडलंय. स्टँडवर मी हेच सांगून लोकांना हसवलं होतं.

आता मला तिचाच राग आला. इतकी वर्षं एका घरात काढली, एका ताटात जेवलो, माझ्या जीपमधे पुढच्या सीटवर बसून ती कुठं कुठं आली, आणि भीती वाटते एवढी गोष्ट तिनं मलकापुरात जाऊन भावजयीला सांगितली. मला काऊन नाही सांगितली? मी हसलो असतो म्हणून? हसलो असतोच. पण सांगायचं तर होतं. आता हे मी कोणाला विचारू? पाटावर बसलेल्या बाईला विचारलं असतं, पण तिनं तिला ठाऊक होतं तेवढं सांगून टाकलं होतं.

पोरगी आधी हसली. मग रडली. मग दोन्ही एकदम. मामीनं उष्टा हात तसाच ठेवून डाव्या हातानं तिचं डोकं जवळ घेतलं. "जाय माय," ती म्हणाली, "तुले जायचं असीन तिकडं जाय. ती काई खोळंबली नव्हती तुह्या डाव्या सीटसाठी."

"जेवा आता," मी म्हटलं. "वडे थंडे होऊन राह्यले." दुसरं काही सुचलं नाही मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीनं मोबाइलवर हो कळवून टाकलं. साळा आंघोळीला गेला होता तेव्हा. परत आला तेव्हा तिनं सांगितलं, तर तो कपाळाला हात लावून बसला. "घट बसेस्तोवर तरी..." मी म्हटलं, "बस झाला तुहा घट." कावळ्यांना पोटभर घातलं, बायकांनी रडून घेतलं, आणखी काय मुहूर्त पाहिजे?

ती बॅग भरत होती. भरता भरता म्हणाली, "बाबा, तुमी त बसा. मी डावीकडं गेली की पहिल्यांदा तुमाले नेते."

आणि मला धसकाच बसला. पुन्हा तेच! मायचं झालं, आता बापाच्या नावानं शब्द. ही पोरगी उद्या तिकडं मोठ्या कंपनीत कुठली चांगली जागा सोडील आणि म्हणेल, बाबांना म्हटलं होतं. आणि मी हा असा, किती दिवसांचा, ते मलाच ठाऊक नाही.

"डावी-बिवी काई नाई," मी म्हटलं. "आताच बसतो. ह्याच पंख्याच्यात. तू उजवीकडं असतानाच."

"भेव नाई वाटनार?"

"मी तुही माय हाय का?"

लहान कंपनीतल्या तिच्या शेवटच्या दिवसांत मी जळगावला गेलो आणि बसलो. मुंबईपर्यंत. खिडकीबाहेरच पंखा होता. जीप चालवलेल्या माणसाला फिरणारी वस्तू दिसली की तो तिच्याकडंच पाहत राहतो, तसा मी पूर्ण वाट त्या पंख्याकडं पाहत होतो, की थांबतो का. पुढचं दार बंद होतं, पोरगी दिसली नाही. उतरणं तिनं केलं का डावीकडच्यानं, ते मी विचारलं नाही. बाजूच्या माणसाला मात्र सांगितलं, की पुढं उजवीकडं माझी पोरगी आहे. तो म्हणाला, "अरे वा, म्हणजे को-पायलट." मी म्हटलं, "हाव. अजून बरीच वर्षं राहीन."

खाली उतरल्यावर ती विमानाच्या शिडीपाशी उभी होती, डोक्यावर टोपी. "भेव वाटलं?" तिनं विचारलं.

"वाटलं. पन मधात उतरता येत नाई न."

परत मी रेल्वेनं आलो. मलकापूरला उतरलो, साळ्याकडं मुक्काम होता. मामीनं दार उघडलं, पाण्याचा तांब्या हातात दिला, आणि मी चूळ भरेपर्यंतही तिला धीर निघाला नाही.

"बसले का दाजी? कसं वाटलं?"

मी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"बाई," मी म्हटलं, "तुमच्या नंदेनं बरोबरच केलं."